धावणाऱ्याचे गाणे

पहाटेचे पाच वाजलेले असतात. कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर अजून अंधार असतो. अशा वेळी रस्त्याच्या कडेने दोन-दोन, चार-चार मुले पळताना दिसतात. मुलीही असतात. कोणाला सैन्यात जायचे असते, कोणाला पोलिसात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८०० मीटर. मैदानी चाचणीचे गुण ५०. त्यातले २० गुण एकट्या या धावण्याला. एका गुणावरून नोकरी हुकते. म्हणून ही मुले थंडी-पावसातही पळतात.

यांतल्या बऱ्याच जणांच्या कानात गाणे वाजत असते. खिशात मोबाइल, कानात त्याची बोंडे.

आमच्या वर्गाला येणाऱ्या एका बाईंनी एकदा मला विचारले, "गुरुजी, माझा मुलगा कानात गाणी घालून पळतो. हाक मारली तर ओ देत नाही. परवा मागून डंपर आला. भोंगा वाजवला, तरी याला पत्ता नाही. सोबतच्या पोराने दंडाला धरून ओढला, म्हणून वाचला. त्याचा मोबाइल काढून घेऊ का?"

मी म्हटले, "एवढ्यात काढून घेऊ नका. पळताना गाणे का लागते, ते आधी पाहू."

तुमच्या आईने, आजीने जात्यावर ओव्या म्हटल्या असतील. दळण काही ओवीने कमी होत नाही. पण हात तालात फिरतो आणि दळण कधी सरले ते कळत नाही. शाळेत लेझीम खेळताना हलगी थांबली, की पाय लगेच जड होतात. धावण्याचेही तसेच आहे. चांगला धावणारा एका मिनिटात सुमारे १६० ते १८० पावले टाकतो. तेवढ्याच ठोक्यांचे गाणे मिळाले, तर पाय आपोआप त्यावर पडतात.

शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले आहे. बेताच्या वेगाने धावताना गाणे ऐकले, तर दम कमी लागल्यासारखा वाटतो. वाटतो, एवढेच बरे का! अगदी जीव तोडून धावताना मात्र गाण्याचा हा गुण फारसा चालत नाही. तेव्हा छाती भात्यासारखी हालते आणि सगळे लक्ष तिकडेच जाते.

इथिओपिया देशात हैले गेब्रसेलासी नावाचा मोठा धावपटू झाला. १९९८ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात तो २००० मीटर धावला. त्याने आपल्या आवडीचे एक गाणे मैदानातल्या भोंग्यांवर लावायला सांगितले होते. त्या गाण्यावर धावून त्याने बंद मैदानातला जगातला विक्रम केला. पण पाहा, ते गाणे मैदानात वाजत होते, त्याच्या कानात नव्हे.

आपल्याकडे याहून जुनी गोष्ट आहे. आळंदीहून माउलींची पालखी पंढरपूरला जाते. वेळापूरच्या अलीकडे एक उतार आहे. तुकाराम महाराजांना येथून पंढरीचे शिखर दिसले आणि ते धावत सुटले, असे सांगतात. म्हणून आजही वारकरी तेथे धावतात. याला धावा म्हणतात. गळ्यात टाळ आहे, मृदंग आहे, म्हातारी माणसे आहेत, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया आहेत. सगळे गात गात धावतात. शेजारचा पडला तर ते कळते, मागून कोणी हाक मारली तर तीही ऐकू येते.

टपाल नेणारा हरकारासुद्धा असाच. त्याच्या काठीला घुंगरू असत. जंगलातून पळताना ते वाजत. जनावर बाजूला होई, गावाला कळे की डाक आली. त्याच्या पायाचा ताल दुसऱ्यांना ऐकू जाई. आताचा ताल एकट्याच्याच कानात असतो, आणि बाहेरचा आवाज बाहेरच राहतो. घोटाळा होतो तो येथे.

डोळ्यांना फक्त पुढचे दिसते. पाठीची राखण कान करतात. डंपर किती लांब आहे, डाव्या अंगाने येतो की उजव्या, हे दोन्ही कान मिळून सांगतात. दोन्ही बुजवले, तर पाठीवर राखणदार उरला नाही.

रेल्वेच्या रुळांची गोष्ट तर फारच वाईट. बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी १८५३ साली धावली. पुढच्याच साली ती कल्याणला पोचली. तेव्हाचे इंजिन धापा टाकत येई, ते लांबूनच कळे. आताची विजेची लोकल समोर येईपर्यंत फारसा आवाज करत नाही. शिवाय ठाणे, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात रूळ पुष्कळ. एका रुळावरून गाडी धडधडत जाते, तिच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडतो. त्यात कानात गाणे असले, तर काय सांगावे! रूळ ओलांडणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. पुलावरून जायला पाच मिनिटे जास्त लागतात. लागू देत.

मग गाणे ऐकायचेच नाही का? ऐकावे की. पण जागा पाहून.

मोकळे मैदान सगळ्यांत चांगले. डोंबिवलीला सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल आहे. गावाला शाळेचे मैदान असते, किंवा कापणी झाल्यावरचे शेत असते. तेथे गाडी येत नाही. चार जणांनी मिळून मोबाइल दगडावर ठेवावा आणि गाणे मोठ्याने लावावे. सगळ्यांना एकच ताल मिळतो. मात्र सकाळी सहाच्या आत भोंगा लावू नये. रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला बंदी आहे, आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खाऊन धावण्यात कसली मजा?

रस्त्यानेच धावायचे असेल, तर उजव्या कडेने धावावे. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात. उजव्या कडेला राहिले, की गाडी समोरून येते आणि डोळ्यांना दिसते. तेव्हा रस्ता आपल्या डाव्या हाताला असतो. म्हणून डावा कान मोकळा ठेवावा. बोंड घातलेच, तर एकट्या उजव्या कानात, आणि आवाज हळू. सोबतीचे बोलणे ऐकू आले पाहिजे, एवढाच. याहून सोपे म्हणजे मोबाइल सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवावा आणि त्याच्याच आवाजावर धावावे. कान दोन्ही मोकळे राहतात. हल्ली कानाच्या पुढच्या हाडावर टेकवायचे यंत्रही मिळते. त्यात आवाज हाडातून आत जातो आणि कानाचे भोक उघडे राहते. पण त्याला पैसे पडतात, आणि गाणे मोठे केले तर तेही बाहेरचा आवाज झाकते.

आवाजाची आणखी एक गोष्ट. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. मोबाइलचा आवाज शंभरातल्या साठाच्या वर नेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. धावून आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर आवाज जास्त झाला असे समजावे. उद्या भरतीत कानाचीही तपासणी होणार आहे.

हे सगळे मी त्या बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "माझे तो ऐकायचा नाही. तुम्हीच बोला."

मुलगा आला. हुशार होता. म्हणाला, "गुरुजी, गाण्याशिवाय माझा दम टिकत नाही."

मी विचारले, "भरतीच्या मैदानात कानात गाणे लावू देतील का?"

तो गप्प झाला. तेथे मोबाइल चालत नाही. जगातल्या मोठ्या शर्यतींतही धावपटूने जवळ गाणे बाळगायचे नाही, असा नियम आहे. ज्याला गाण्याचीच सवय लागली, त्याचे पाय नेमके त्या दिवशी ताल विसरतात.

"मग काय करू?"

मी म्हटले, "तीन दिवस गाण्यावर धाव, तीन दिवस नुसता. त्या तीन दिवसांत पावले मोज. चार पावलांत श्वास घे, चार पावलांत सोड. वेग वाढला की दोन-दोन. नाही तर मनातल्या मनात गा."

आई मधेच म्हणाली, "याला माझ्या ओव्या पाठ आहेत हो! लहानपणी मांडीवर झोपायचा नं."

पोरगा लाजला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेच्या मैदानात जाऊ लागला. मोबाइल आईच्या हातात असतो. ती चौथऱ्यावर बसते आणि फेऱ्या मोजते. तिला आता शंभरापर्यंत आकडे लिहिता येतात. वहीत रोजच्या फेऱ्या आणि लागलेली मिनिटे ती स्वतः लिहिते.