पळसाच्या झाडाखाली

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सातपुड्याच्या पानझडी रानात सकाळी हिंडणाऱ्याचे लक्ष प्रथम पळस वेधून घेतो. फांद्यांवर पाने नसतात. काळपट, मखमली पुष्पकोशांतून केशरी फुले उमललेली असतात. त्यांना सुवास नसतो, पण मकरंद विपुल असतो. पोपटाच्या चोचीप्रमाणे वाकलेल्या पाकळ्यांच्या जोडीत दहा पुंकेसर दडलेले असतात.

झाडापासून थोडे दूर, अर्धा तास निश्चल बसावे. जांभळा शिंजीर येतो, साळुंक्या येतात. मध्य आशियाकडे परतण्यापूर्वी पळसमैनांचा थवाही उतरतो. खार फांदीवरून फुलांपर्यंत पोहोचते. पोपट तर पुष्कळदा फूलच तोडून टाकतो. हे सर्वच पळसाचे मित्र असतात काय? मकरंद पिताना कोणाच्या मस्तकाला वा मुखाला पराग लागतो, ते नीट पाहावे. तो पराग दुसऱ्या झाडावरील फुलापर्यंत नेणारा प्राणीच पळसाचा खरा साहाय्यक होय.

पळसाच्या शेंगेत, अगदी टोकाशी, एकच बी असते. म्हणजे फांदीवरचे एक फूल खुडले की होऊ शकणारे एक बी नाहीसे झाले. अभ्यासासाठी गळून पडलेले फूल उचलून उकलावे. त्यात सर्व भाग तितकेच स्पष्ट दिसतात.