पहाटेचा वारा पाण्याबरोबर
(शहापूर-मुरबाडच्या खोऱ्यांतील वारे ओळखण्याचा एक धडा)

महसुली कचेरीत कारकुनी करीत असता आगीचे पंचनामे माझ्या हातून पुष्कळ गेले. कोठे गवताची गंजी, कोठे पेंढ्याची उडवी, कोठे कुडाचे घर, तर कोठे भरला गोठा. मजकूर निरनिराळा असे. परंतु कारणाच्या ओळीत बहुधा एकच शब्दप्रयोग आढळे, तो म्हणजे ‘अकस्मात वारा सुटल्यामुळे’. सेवेतून निवृत्त होऊन घरच्या भातशेतीकडे पूर्ण लक्ष देऊ लागल्यापासून माझी अशी खात्री झाली आहे की, त्यांतील पुष्कळ प्रसंगी वारा अकस्मात सुटलेला नव्हता. तो आपल्या नेमलेल्या वेळी आला होता. वेळ चुकली होती ती आपली. हा नेम कोणता, तो कसा ओळखावा आणि तो ज्यांस ठाऊक होता त्यांस आपण का विचारले नाही, एवढ्याच गोष्टी प्रस्तुत लेखात सांगावयाच्या आहेत.

मुलुखाची ठेवण

आपल्या दोन्ही तालुक्यांच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत आहे. कसाऱ्याच्या थळ घाटापासून आजोबाचा डोंगर, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, माळशेज, नाणेघाट व पुढे सिद्धगड अशी ती दक्षिणेकडे जाते. हरिश्चंद्रगडाची उंची 1424 मीटर आहे. उलट त्याच्या पायथ्यापासून पश्चिमेस पसरलेली आपली भातखाचरे समुद्रसपाटीहून फारशी उंच नाहीत. ह्या भिंतीवरून उतरणारे पाणी भातसा व काळू ह्या नद्या पश्चिमेकडे नेतात. भातसा काळूस मिळते आणि काळू कल्याणच्या बाजूस उल्हास नदीत जाते. म्हणजे पूर्वेस उंच कडा, पश्चिमेस समुद्र आणि मधे नद्यांनी पाडलेल्या दऱ्या, अशी ही रचना आहे. वाऱ्याचा सारा खेळ ह्या तीन गोष्टींवर चालतो.

दिवसाचा नेम

उन्हाने जमीन तापते आणि तिला लागून असलेली हवा हलकी होऊन वर जाऊ लागते. डोंगराच्या उतारावर ही क्रिया विशेष होते व तिची जागा भरून काढण्यास दरीतील हवा उताराकडे चढू लागते. ह्यास दरीचा वारा म्हणतात. त्याच सुमारास समुद्रावरून खारा वारा निघतो. किनाऱ्यावर तो आधी पोहोचतो आणि आपल्या खोऱ्यांत दुपार कलता येतो. दोघांची दिशा एकच, पश्चिमेकडून पूर्वेकडे, असल्यामुळे ते एकमेकांस बळ देतात. म्हणून उन्हाळ्यात दुपारी दोननंतरचा वारा एवढा भरदार असतो.

रात्री ह्याच्या उलट घडते. आकाश निरभ्र असल्यास उतार लवकर निवतात, त्यांस लागलेली हवा गार व जड होते आणि पाण्यासारखी खाली घसरते. ओहोळातून नाल्यात, नाल्यातून नदीच्या पात्रावर आणि पात्राच्या वाटेने पश्चिमेकडे, असा तिचा प्रवास असतो. हा डोंगरवारा पहाटे सर्वांत स्पष्ट जाणवतो. मार्गशीर्ष-पौषात नदीकाठाने चालणाऱ्याच्या पोटऱ्यांस जी थंडी झोंबते, ती ह्या वाऱ्याची होय.

ह्या दोहोंच्या मधे दोन संधिकाल येतात. सकाळी साधारण नऊ-दहाच्या सुमारास डोंगरवारा थांबतो, काही वेळ पानही हलत नाही आणि मग वारा फिरतो. संध्याकाळी दिवेलागणीच्या आसपास पुन्हा तसेच होते. नवखा मनुष्य सकाळच्या स्तब्धतेस शांतता समजतो. वस्तुतः ती वारा फिरण्यापूर्वीची सूचना असते. लक्षात ठेवण्यास सोपे सूत्र असे : पहाटे वारा पाण्याबरोबर उतरतो, दुपारी पाण्याविरुद्ध चढतो. आपल्या शेताजवळची नदी वा ओढा कोणत्या दिशेस वाहतो हे पाहिले की, त्या शेताचा वारा अर्धा कळला.

ऋतूंप्रमाणे फरक

हा नेम कार्तिकापासून चैत्रापर्यंत चांगला पाळला जातो. वैशाखात खाऱ्या वाऱ्याचा जोर वाढतो व डोंगरवारा मंद होतो. मृगापासून नैर्ऋत्येचा मोठा वारा सर्व लहान वाऱ्यांस गिळून टाकतो. तो इतका जोराचा असतो की, नाणेघाटाच्या माथ्यावर ओहोळाचे पाणी कड्यावरून खाली न पडता वर उडालेले पुष्कळांनी पाहिले असेल. हळवे भात कापणीस येते त्या आश्विनात निराळेच भय असते. दुपारी घाटमाथ्यावर काळे ढग चढतात, पश्चिमेचा वारा एकाएकी पडतो आणि मग पूर्वेकडून गार झोत येतो. हा झोत ढगातून कोसळलेल्या थंड हवेचा असून त्यामागोमाग वीज व सरी येतात. असा झोत अंगास लागताच शेतात पसरलेले भात गोळा करण्यास लागावे. ढग डोक्यावर येण्याची वाट पाहू नये.

निरभ्र व निवांत रात्रींबद्दल एक गोष्ट येथेच सांगतो. 1932 साली पुण्यास शेतकी हवामानाची शाखा निघाली व तिचे काम डॉ. एल. ए. रामदास ह्यांनी पाहिले. अशा रात्री सर्वांत थंड हवा जमिनीच्या पृष्ठास चिकटून नसते, तर काही बोटे वर असते, असे त्यांनी दाखविले. वाल, हरभरा, भाजी ह्यांची रोपे नेमकी ह्याच थरात वाढतात. शिवाय डोंगरावरून उतरलेली थंड हवा सखल जागी साचते. सबब नाजूक रोपांस तळातील खाचर न देता थोडे वरचे द्यावे.

कामे आणि वेळ

वाऱ्याचा जोर यंत्राविनाही मोजता येतो. ह्याकरिता जगभर चालत आलेले कोष्टक इंग्रज आरमारातील बोफर्ट ह्या अधिकाऱ्याने 1805 साली योजिले. त्यातील आपल्या उपयोगाच्या खुणा अशा : धूर सरळ वर गेल्यास वारा ताशी 1 किलोमीटरहून कमी. धूर कलला पण पाने स्थिर राहिली तर 1 ते 5. तोंडास वारा लागून पाने सळसळली तर 6 ते 11. पाने व बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या तर 12 ते 19. धूळ उडून लहान फांद्या डोलू लागल्या तर 20 ते 28.

उफणणीस पाने सळसळण्यापासून डहाळ्या हलण्यापर्यंतचा वारा उत्तम. तो दुपारी दोनपासून पाचपर्यंत पश्चिमेकडून एकसारखा मिळतो. पहाटेचा वारा दवाने ओला व उखडलेला असतो. खळे पूर्व-पश्चिम मोकळे असावे. गवताची गंजी व पेंढ्याची उडवी घराच्या वा खळ्याच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस रचू नये. उत्तरेस वा दक्षिणेस रचावी, म्हणजे ठिणगी कोणत्याही प्रहरी तिच्याकडे सहसा जाणार नाही. औषध फवारणी धूर किंचित कलतो अशा वेळी करावी. डहाळ्या हलू लागल्यावर फवारलेले औषध शेजाऱ्याच्या शेतात जाते.

राबाची भाजणी हे सर्वांत जोखमीचे काम. राब न भाजता गादीवाफ्यावर रोप करण्याची रीत आता सांगितली जाते व ती अनेकांनी स्वीकारली आहे. ज्यास जमेल त्याने ती अवश्य करावी. परंतु जेथे भाजणी चालू आहे तेथे पहाटे उजाडताच आग लावावी, नऊच्या आत ती पूर्ण विझवावी, सभोवार चार हात जमीन खरवडून घ्यावी आणि पाण्याची पिंपे भरून ठेवावीत. वारा ज्या दिशेस जात असेल त्या टोकास आग लावावी, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते व माती नीट भाजते. मात्र वारा फिरला की हीच युक्ती घात करिते. तो घात माझ्याच हातून झाला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा अपराध

सुमारे तीस वर्षांपूर्वीची चैत्रातील गोष्ट. मी रजा घेऊन घरी आलो होतो. आमच्याकडे एक वृद्ध ठाकूर गडी होता. त्याने सकाळी मला सांगितले, “दादा, उन्हं चढली. आता वारा फिरंल. उद्या पहाटंला पेटवू.” माझी रजा दुसऱ्या दिवशी संपत होती. शिवाय त्या वेळी पान हलत नव्हते. मी म्हणालो, “वारा आहे कुठे? उगाच खोळंबा करू नकोस.” तो गप्प राहिला.

पहाटेचा वारा पूर्वेकडून होता, म्हणून मी नियमाप्रमाणे पश्चिमेच्या टोकास आग लावली. अर्ध्या तासात वारा पश्चिमेचा झाला. जी आग वाऱ्याविरुद्ध रांगत होती ती वाऱ्याबरोबर धावू लागली. बांधापलीकडे पूर्वेस शेजाऱ्याची गंजी होती. दोन बैलांस पावसाळ्यापर्यंत पुरणारे ते गवत होते. ते सर्व गेले. शेजाऱ्याने वैशाखात एक बैल विकला व त्या वर्षी नांगरणीस दुसऱ्याकडे हात पसरला.

पंचनामा झाला. कारणाच्या ओळीत काय लिहावे हे मीच सांगितले : ‘अकस्मात वारा सुटल्यामुळे’. पंच म्हणून खाली ज्यांचे अंगठे उमटले, त्यांत त्या ठाकूर गड्याचाही अंगठा होता. वारा येणार हे ज्याने सांगितले होते, त्याच्याकडूनच वारा अकस्मात आला अशी साक्ष मी घेतली. त्याने कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही. तो आता हयात नाही. शेजाऱ्याच्या गवताची किंमत मी पुढे चुकती केली. परंतु ती ओळ दुरुस्त झाली नाही.

मनाचा वारा

ह्या गोष्टीचा विचार करिता मला वडिलांनी सांगितलेले जुने दिवस आठवतात. त्या काळी मोठ्या घराच्या खळ्यावर दुपारचा चांगला वारा मालकाच्या धान्यास मिळे. कुळाचे धान्य पडत्या वाऱ्यात, दिवस मावळताना उफणले जाई. वेठीस आलेल्या वारली, ठाकूर, कातकरी ह्यांस तर वाऱ्याची पाळीच नसे. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, तेथे उंबरगावकडील वारली आले आणि त्याच वर्षी वेठीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकर ह्यांनी ती हकीकत पुढे ग्रंथरूपाने लिहिली आहे. पुष्कळ जमीनमालकांस ते वारेही अकस्मात वाटले. पुढे 1948 चा कूळकायदा झाला व 1 एप्रिल 1957 पासून कसणारा मालक ठरला. 2005 पासून वडिलार्जित मिळकतीत मुलीसही मुलाइतका हक्क आला. कागदावरची नावे बदलली आणि ते योग्य झाले.

परंतु न विचारण्याची सवय कागदाने जात नाही. पूर्वी आपण गड्यास विचारीत नव्हतो, कारण तो गडी होता. उफणणारी बाई वाऱ्याकडे तोंड करून सारा हंगाम उभी राही, तिलाही कोणी विचारले नाही. आताचे तरुण जातीचा वा हुद्द्याचा तसा ताठा धरीत नाहीत, ओटीवर सर्वांस बसवितात, हा मोठा लाभ आहे. तथापि त्यांचे विचारणे दूरध्वनीच्या पडद्यापाशी संपते.

मी त्या पडद्याचा शत्रू नाही. हवामान खाते 1875 साली निघाले, 1945 साली शेतकऱ्यांकरिता आकाशवाणीवरून वार्तापत्र सुरू झाले, 2019 साली ‘मेघदूत’ निघाले आणि 2025 च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या चौकटीने अंदाज देणारी पद्धत सुरू झाली. पाऊस, उष्णता, मोठा वारा ह्यांकरिता हे अंदाज रोज पाहावेत. परंतु सहा किलोमीटरच्या एका चौकटीत माहुलीचा पायथा, मधला ओढा आणि पलीकडची वाडी ही सर्व मावतात. त्यांचा पहाटेचा वारा मात्र एक नसतो. तेवढे अंतर आपल्यालाच भरून काढावे लागते.

गेल्या हिवाळ्यात मी त्या ठाकूर गड्याच्या सुनेस घरी बोलाविले व वाऱ्याविषयी विचारले. ती ओटीवर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, “तुमचं ते नदीचं खरं हाय, पर वळणावर नाय. तिथं डोंगरातला ओहोळ आडवा येतो, तो आपला वारा घेऊनच येतो.” मी सलग पंधरा दिवस पहाटे त्या वळणावर उदबत्ती धरून पाहिले. धूर नदीबरोबर न जाता आडवा जात होता. आमचा राब त्या वळणापासून फार दूर नाही.

वाचकांस विनंती

प्रत्येकाने एक वही घालावी. पहाटे सहा, सकाळी दहा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात ह्या चार वेळी शेतात उदबत्तीचा धूर पाहून दिशा व जोर टिपावा; शेजारी त्या दिवशीचा सरकारी अंदाज लिहावा. कार्तिक ते चैत्र एवढे सहा महिने पुरेत. वहीत आणखी एक रकाना ठेवावा : ‘कोणी सांगितले’. गुराखी असो, मजूर असो, घरातील बाई असो, ज्याने वाऱ्याची खूण सांगितली त्याचे नाव त्या रकान्यात घालावे. अशा वह्या संघाच्या बैठकीत एकत्र वाचल्यास एकेका गावाचा वारा हाती येईल.

आणि दुर्दैवाने कधी पंचनामा लिहिण्याचा प्रसंग आलाच, तर ‘अकस्मात’ हा शब्द घालण्यापूर्वी ती वही एकदा उघडून पाहावी.