मंदक्रोध देवाची सहनशील लेकरे

वाचनपाठ : याकोब ५:१–११, मत्तय १८:२१–३५, फिलिप्पै ४:४–९



शांती आणि धीर हे दोन शब्द आपल्या कानांवरून इतक्या वेळा जातात की त्यांचा अर्थ विचारावा असे आपल्याला वाटेनासे होते. उपासनेच्या शेवटी आशीर्वचनात शांती असते, शोकाच्या घरी सांत्वनात धीर असतो. परंतु रविवारी ऐकलेली ही शांती सोमवारी सकाळी दहा वाजता कोठे असते? हा प्रश्न प्रत्येक विश्वासणाऱ्याने स्वतःस विचारण्यासारखा आहे.

उदाहरणादाखल बंगळूर शहराकडे पाहू. पुणे, नाशिक, मिरज, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशा ठिकाणांहून नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. शहराच्या आग्नेय भागात होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. या दोन रस्त्यांच्या नावांवरूनच तिचे नाव पडले. बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेले सात सेक्टर, जवळच आगरा तलाव, आणि एका कोपऱ्यास केंद्रीय रेशीम मंडळाचा चौक. ‘सिल्क बोर्ड’ या नावाने हा चौक तेथील वाहतूक कोंडीचे प्रतीकच बनून गेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये या चौकातून जाणारी मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, तरी वाट पाहणे संपले असे तेथील कोणी म्हणणार नाही.

अशा वसाहतीत मनुष्याचे दोन स्वभाव शेजारी शेजारी वाढतात. रस्त्यावर त्याला तासभर थांबावे लागते आणि तेथे त्याचा काही इलाज चालत नाही. घरी मात्र दूध, भाजी, जेवण, औषध सारे काही भ्रमणध्वनीवर बोट ठेवताच दहा-पंधरा मिनिटांत दाराशी येते. जेथे त्याची सत्ता नाही तेथे तो मुकाट्याने थांबतो. जेथे त्याची सत्ता आहे तेथे पाच मिनिटांचा विलंबही त्याला अपमानासारखा वाटतो. मग त्याचा धीर कोणता खरा? चौकातला की दारातला? पवित्र शास्त्र या प्रश्नाचे उत्तर देते, आणि ते उत्तर आपल्याला सुखावणारे असेलच असे नाही.

एका शब्दामागचे दोन शब्द

नव्या करारात आपण ज्याला सर्वसाधारणपणे धीर किंवा सहनशीलता म्हणतो त्यासाठी मूळ ग्रीक भाषेत मुख्यतः दोन शब्द येतात. एक ‘हुपोमोने’, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणे. हा बहुधा परिस्थितीशी संबंधित असतो. दुसरा ‘मॅक्रोथुमिया’, म्हणजे राग लांबवणे, लवकर न तापणे. हा बहुधा माणसांशी संबंधित असतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात आत्म्याच्या फळात प्रीती, आनंद आणि शांती यांच्या लगेच पुढे येतो तो हा दुसरा शब्द. शांतीचा सर्वांत जवळचा शेजारी माणसांविषयीची सहनशीलता आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या शब्दाचे मूळ जुन्या करारात आहे. निर्गम ३४:६ मध्ये देव मोशेपुढे आपले नाव प्रकट करतो, तेव्हा तो स्वतःला ज्या गुणांनी ओळखवतो त्यांत ‘मंदक्रोध’ हा एक आहे. आपल्या मराठी बायबलने योजलेला हा शब्द किती नेमका आहे! क्रोध नाहीच असे नव्हे. अन्याय पाहून देव क्रोधायमान होतो. परंतु तो क्रोध मंद आहे, मनुष्याला वळण्यास अवकाश देणारा आहे. म्हणून सहनशीलता हा प्रथम आपला गुण नसून देवाचा गुण आहे. आपल्याला तो त्याच्यापासून मिळतो.

पहाऱ्यावरची शांती

आता शांतीकडे वळू. वाट पाहणे संपले म्हणजे शांती मिळेल, अशी आपली समजूत असते. बढती मिळाली, कर्ज फिटले, मुलांचे शिक्षण झाले की मग शांती! पौल मात्र फिलिप्पैकरांस लिहितो तेव्हा तो स्वतः बंदिवासात आहे आणि त्याच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही. त्या अवस्थेत तो सांगतो की प्रत्येक गोष्ट उपकारस्तुतीसह प्रार्थनेत देवापुढे मांडा, म्हणजे बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती तुमची अंतःकरणे व विचार राखील. येथे ‘राखणे’ यासाठी वापरलेले ग्रीक क्रियापद लष्करी आहे. नगराच्या वेशीवर शिपायांनी पहारा करावा तसे राखणे. फिलिप्पै ही निवृत्त रोमी सैनिकांची वसाहत होती. तेथील वाचकांना पहारा म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पहारा केव्हा लागतो? शत्रू बाहेर असतो तेव्हाच. संकट टळल्यावर मिळणारी ती विश्रांती, आणि संकट दाराशी उभे असताना अंतःकरणाच्या वेशीवर जी उभी राहते ती देवाची शांती. वाहने हलत नाहीत, कार्यालयात कर्मचारी कपातीची कुजबुज आहे, गावी वृद्ध आईची प्रकृती बरी नाही आणि रजा मिळत नाही. यांपैकी एकही गोष्ट न बदलता ही शांती मिळू शकते, असे पौलाचे सांगणे आहे. म्हणून क्रम असा : शांती आधी, धीर तिच्यामागून. ज्याच्या वेशीवर पहारा आहे तोच घाईने तलवार उपसत नाही.

धीर म्हणजे मौन नव्हे

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. सहनशील ख्रिस्ती मनुष्य म्हणजे कधीही तक्रार न करणारा, अन्याय निमूटपणे गिळणारा मनुष्य, असे पुष्कळांना वाटते. घरातील सुनेला आणि कामावरील कनिष्ठाला हाच उपदेश विशेषेकरून केला जातो. परंतु याकोब ५:११ मध्ये टिकून राहण्याचा आदर्श म्हणून कोणाचे नाव आले आहे? ईयोबाचे! ईयोबाचे पुस्तक ज्याने वाचले आहे त्याला ठाऊक आहे की ईयोब गप्प बसला नाही. त्याने जन्मदिवसाला शाप दिला, मित्रांशी वाद घातला, देवाला जाब विचारला. मात्र त्याने देवाकडे पाठ फिरवली नाही. तक्रारही त्याने देवाच्या सन्मुख उभे राहूनच केली. हीच त्याची ‘हुपोमोने’.

पौलाचेही तसेच. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ पाहा. त्याच फिलिप्पै नगरात छड्यांचा मार खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना, पौल व सीला मध्यरात्री स्तोत्रे गात होते. परंतु सकाळी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडून देऊ केले तेव्हा पौलाने ते मान्य केले नाही. आम्हा रोमी नागरिकांना चौकशीवाचून उघडपणे मारले आहे, तर त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असा त्याचा आग्रह होता. रात्री गाणारा आणि सकाळी न्याय मागणारा मनुष्य एकच आहे. शांतीमुळे त्याची मागणी मवाळ झाली नाही. तीत सूडाची भावना मात्र उरली नाही.

मार्च २०२४ मध्ये बंगळुरात पाण्याची तीव्र टंचाई झाली. हजारो कूपनलिका आटल्या, टँकरची वाट पाहणे अनेक घरांच्या नित्यक्रमात आले, आणि पिण्याचे पाणी मोटारी धुण्यास वा बागेस वापरल्यास पाच हजार रुपये दंड ठरविण्यात आला. अशा वेळी विश्वासणाऱ्याने काय करावे? पाण्याचे नियोजन नीट व्हावे म्हणून अर्ज करावा, सभेत बोलावे, जाब विचारावा. हे धीराच्या विरुद्ध नाही. परंतु बादलीसाठी शेजाऱ्याशी भांडताना, रखवालदारावर ओरडताना आपल्या वेशीवर कोणाचा पहारा होता, हेही त्याने स्वतःस विचारावे.

परीक्षा दाराशी होते

मत्तय १८ मधील दृष्टांत आपण क्षमेचा दृष्टांत म्हणून जाणतो. परंतु त्यात मध्यवर्ती विनंती धीराची आहे. एका दासावर राजाचे दहा हजार तालांत कर्ज होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. अर्थात हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे झाले. ते जन्मोजन्मी फिटणारे नव्हते. तो पाया पडून म्हणतो की मला वागवून घ्या, मी सर्व फेडीन. येथे ‘मॅक्रोथुमिया’चेच क्रियापद आहे. राजा त्याला वागवून घेतो. इतकेच नव्हे, सारे कर्ज सोडतो. बाहेर पडताच त्याला शंभर दीनारांचा देणेकरी सोबतीदास भेटतो. तोही पाया पडतो आणि तीच विनंती, त्याच शब्दाने करतो. हा मात्र त्याचा गळा धरतो.

शंभर दीनार ही रक्कम क्षुल्लक नव्हती. तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी होती. आपले नुकसान खरे असू शकते, आपली तक्रारही खरी असू शकते. प्रभू ते नाकारत नाही. तो एवढेच दाखवतो की आत राजापुढे मागितलेला शब्द बाहेर आल्यावर त्या दासाला ओळखता आला नाही.

आपल्या दारी तो शब्द कोण घेऊन येतो? सामान पोहोचवणारा मुलगा, जो त्याच सिग्नलवर आपल्याच शेजारी अडकला होता. दोन बस बदलून येणारी आणि म्हणून उशीर होणारी घरकाम करणारी बाई. आपली भाषा न समजणारा आणि आपल्याला ज्याची भाषा समजत नाही असा रिक्षावाला. रात्री अभ्यास न उरकलेले आपलेच मूल. ही सारी माणसे आपल्याहून दुबळी आहेत. वरिष्ठांपुढे सर्वच जण सहनशील असतात. तेथे ती बहुधा भीती असते. दुबळ्यापुढे दिसते तीच सहनशीलता.

याकोबाच्या ५ व्या अध्यायाची मांडणीही हेच सांगते. शेतकरी पहिल्या व शेवटच्या पावसाची वाट पाहतो तसे धीर धरा, असे तो सातव्या वचनात सांगतो. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे चित्र परके नाही. परंतु त्याआधी चौथ्या वचनात काय आहे? कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती आरोळी देवाच्या कानी गेली आहे! स्वतः धीर धरण्याचा उपदेश ऐकणाऱ्याने दुसऱ्याला त्याच्या हक्कासाठी वाट पाहायला लावू नये. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार ठरल्या दिवशी देणे हाही धीराच्या पाठातला एक धडा आहे.

आपल्यातील एक साक्ष

मराठी ख्रिस्ती इतिहासात या पाठाचे उत्तम उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा जन्म १८५८ मध्ये आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. अशा जीवनाने मनुष्य कडवट होतो किंवा गप्प होतो. रमाबाई दोन्ही झाल्या नाहीत. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्याविषयी त्यांनी वृत्तपत्रातून उघडपणे लिहिले. त्याच काळात केडगाव येथे दुष्काळपीडित मुलींना व स्त्रियांना त्या आश्रय देत होत्या.

पुढे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. साध्या स्त्रियांनाही शास्त्र समजावे हा त्यांचा हेतू होता. हे काम वर्षानुवर्षे चालले. खिळे जुळविण्याचे व छपाईचे कामही मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमाबाई निवर्तल्या. तरीही भाषांतराचे काम थांबले नाही. ते पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ज्यांच्यासाठी हे श्रम केले त्यांना अनाथ आणि अडाणी म्हणून समाजाने बाजूस सारले होते. दुबळ्यांसाठी इतकी वर्षे न थकता काम करणे, हीच त्यांच्या धीराची ओळख आहे.

नित्याच्या जीवनात

प्रिय वाचकहो, या पाठाचे आचरण लहान गोष्टींपासून करावे. थांबावे लागेल त्या वेळात एका मनुष्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी. दाराशी आलेल्याला प्रथम पाणी विचारावे, मग उशिराचे कारण. न्याय मागायचा असेल तर जो जबाबदार आहे त्याच्याकडे मागावा. जो हाताशी सापडतो त्याच्यावर राग काढू नये. आणि रात्री निजण्यापूर्वी त्या दिवशी देवाने आपल्याला किती वेळा वागवून घेतले, याची आठवण करावी.

मननासाठी प्रश्न

१. माझा धीर भीतीतून येतो की देवाच्या शांतीतून?
२. ईयोबाप्रमाणे मी आपली तक्रार देवाच्या सन्मुख मांडतो काय?
३. या आठवड्यात ‘मला वागवून घ्या’ असे शब्दाने वा नजरेने मला कोण म्हणाले? मी काय उत्तर दिले?
४. कोणाचे देणे माझ्याकडे अडकून राहिले आहे काय?

मंदक्रोध देव आपल्या अंतःकरणाच्या वेशीवर आपली शांती पहाऱ्यास ठेवो, आणि आपल्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला तिची ओळख पटो. आमेन.