कायद्यांची मांडणी व तुलना



ऐरोली, महापे, बेलापूर येथील उंच इमारतींत तुमच्यांपैकीं कित्येकांचे आईवडील संगणकाच्या कामावर जातात. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें वसविलेल्या या नव्या मुंबईंत आज देशोदेशींच्या व्यवहारांचीं कामें चालतात. प्रत्येक देशाचा कायदा निराळा. संगणक मात्र एकच. मग त्यानें कोणता कायदा पाळावा? हें ठरविण्याची रीत आज आपण समजून घेऊं.

प्रथम शाळेंतलेंच उदाहरण घ्या. ‘विद्यार्थ्यानें ग्रंथालयाचें पुस्तक ८ दिवसांत परत करावें, आजारी असल्यास सवलत मिळेल.’ हें वाक्य मनुष्यास सहज कळतें, पण यंत्रास कळण्यासाठीं त्याचे भाग पाडावे लागतात. कर्तव्य कोणाचें? विद्यार्थ्याचें. काय करावयाचें? पुस्तक परत द्यावयाचें. किती मुदतींत? ८ दिवसांत. अपवाद कोणता? आजारपणाचा. पुस्तक कोणाकडे द्यावयाचें? हें तर वाक्यांत सांगितलेलेंच नाहीं! असे ५ रकाने आंखले, म्हणजे नियमांतील उणीव डोळ्यांत भरते. आणि दोन नियम शेजारीं ठेवून रकान्याशीं रकाना ताडून पाहतां येतो.

आतां खरे कायदे पाहूं. मुलांची माहिती घेण्यापूर्वीं पालकांची संमति घ्यावी, असें पुष्कळ देश सांगतात. पण ‘मूल’ कोणास म्हणावें? अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यांत १३ वर्षांखालील. युरोपीय संघांत २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत १६ वर्षांखालील. मात्र घटक राष्ट्रांस ही मर्यादा १३ पर्यंत उतरविण्याची मुभा आहे. आपल्या संसदेनें २०२३ सालीं केलेल्या कायद्यांत १८ वर्षांखालील. म्हणजे वाशीचा १५ वर्षांचा विद्यार्थी आपल्या कायद्यानें मूल ठरतो, पण न्यूयॉर्कमधील त्याचा समवयस्क तेथील त्या कायद्यानें ठरत नाहीं. येथें १८ हा आंकडा धरला, तर वयाच्या रकान्यापुरते तिन्ही कायदे सांभाळले जातात.

यावरून कोणी म्हणेल, ‘सर्वांत कडक नियम पाळावा, म्हणजे बाकीचे आपोआप पाळले जातात.’ येथेंच चूक होते. संगणकावरील ठराविक प्रकारचे हल्ले ध्यानांत येतांच ६ तासांच्या आंत कळवावे, असा आदेश ‘सर्ट-इन’ या आपल्या सरकारी संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढला. युरोपीय नियमांप्रमाणें व्यक्तींची माहिती फुटल्यास तें कळल्यापासून ७२ तासांच्या आंत तेथील देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांस कळवावें लागतें. ६ तासांची मुदत अधिक कडक खरी. परंतु येथील संस्थेस वेळेवर कळविल्यानें युरोपांतील कर्तव्य फिटत नाहीं. ‘कोणाकडे’ हा रकानाच निराळा आहे. पत्रें दोन, आणि तीं जावयाचीं ठिकाणेंहि दोन. केवळ आंकडे पाहणारा येथें फसतो; सर्व रकाने पाहणारा फसत नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवा. त्या युरोपीय नियमास एक अपवाद आहे: लोकांच्या हक्कांस व स्वातंत्र्यास धोका पोहोंचण्याचा संभव नसेल, तर अधिकाऱ्यांस कळविण्याची जरुरी नाहीं. आतां समजा, मध्यरात्रीं महाप्याच्या एका कार्यालयांत एका तरुण कर्मचाऱ्यास आढळलें कीं, युरोपांतील कोण्या रुग्णालयाच्या रोग्यांची यादी परक्याच्या हातीं गेली आहे. तास यंत्र मोजील. धोका कोण मोजणार? ‘धोका नाहीं’ एवढे दोन शब्द लिहून निजणें सोपें आहे. परंतु त्या यादींतील एखाद्याचें आजारपण चारचौघांत उघड होऊन त्याची नोकरी जाईल, हा विचार त्याच्याच मनांत यावयास हवा. वरिष्ठांस झोपेंतून उठवून झाली गोष्ट सांगण्याचें धैर्यहि त्याच्याच अंगीं हवें. ज्या रकान्यांत माणसाच्या विवेकाचें काम आहे, तो यंत्राकडून भरून घेतां येत नाहीं.

सारांश, कायदा नीट वाचणें म्हणजे त्याचे भाग पाडणें, ते एकमेकांशीं ताडणें आणि विवेकाची जागा ओळखणें होय. सुटींत आपल्या घरचा एक नियम व शाळेचा एक नियम या ५ रकान्यांत मांडून पाहा, आणि कोणता रकाना रिकामा राहतो तें आईवडिलांस दाखवा.