मार्च ब्रेक : रोज एक ठिकाण, एक प्रश्न आणि आजीसाठी एक गोष्ट



डी.एड. झाल्यावर मी सातारा जिल्ह्यात आठ वर्षं पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवलं. आता आम्ही कॅनडात, टोरांटो शहरात राहतो. इथे रविवारी आठ-दहा मराठी मुलांचा एक छोटा वर्ग घेते. आजचा लेख इथल्या एका सुट्टीबद्दल आहे. पण यातल्या बऱ्याच कृती आपल्या गावाकडेही करता येतील, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते आहे.

मार्च ब्रेक म्हणजे काय?

ऑन्टारियो प्रांतातल्या शाळांना मार्चच्या मध्यावर एक आठवडा सुट्टी असते. यंदा, म्हणजे 2026 मध्ये, ती 16 ते 20 मार्च आहे. नाव वसंतातल्या सुट्टीचं, पण बाहेर वसंत कुठेच दिसत नाही. रात्री पारा शून्याखाली जातो, दिवसा जेमतेम वर येतो. झाडं अजून खराट्यासारखी. रस्त्याच्या कडेला काळपट पडलेल्या बर्फाचे ढीग. आपल्याकडे सुट्टी म्हटलं की मामाचं गाव, आंबे आणि उन्हात हुंदडणं. इथे मात्र आई-बाबांना रजा नसते, सुट्टीतली शिबिरं महाग असतात आणि घराबाहेर पडायचं तर मुलाला चार थर कपडे चढवावे लागतात. मग टॅब हातात जातो आणि आठवडा संपतो.

आमच्याकडेही तसंच झालं होतं. 2024 च्या मार्च ब्रेकनंतर माझ्या आईचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. तिने नातवाला विचारलं, "बाळा, सुट्टीत काय काय केलंस?" तो म्हणाला, "काही नाही." आजीने परत विचारलं, "कुठे गेला होतास?" "नाही." मग दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मिनिटभरात बोलणं संपलं. फोन ठेवताना आई मला हळूच म्हणाली, "त्याला मराठी जमेना का गं आता?"

मी शिक्षिका. दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शिकवते, आणि माझ्याच घरात असं! रात्री झोप लागली नाही. पण विचार करता लक्षात आलं की त्याला शब्द येत होते. आजीला सांगावं असं त्या आठवड्यात काही घडलंच नव्हतं. ती चूक माझी होती. मुलाने घरी मराठी बोलावं असं वाटत असेल, तर आधी त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी हवं. पुढच्या वर्षीच्या सुट्टीचा आराखडा मी या एका गोष्टीवरच बेतला.

आराखडा

1. रोज एकच कृती किंवा एकच ठिकाण. जास्त नाही.
2. निघण्याआधी एक प्रश्न. त्याचं उत्तर मुलाने स्वतः बघून शोधायचं.
3. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी-आजोबांना फोन करून ते सांगायचं.

फोन सकाळीच का? मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात. त्यानंतर टोरांटो आणि भारत यांच्यात साडेनऊ तासांचा फरक राहतो. इथे सकाळचे नऊ म्हणजे साताऱ्यात संध्याकाळचे साडेसहा. आजी दिवा लावून निवांत बसलेली असते. शिवाय कालची गोष्ट सांगायची म्हणजे भूतकाळ वापरावा लागतो, आणि परदेशातली मुलं नेमकी तिथेच अडखळतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

सोमवार : बर्फ मोजूया

साहित्य : एक पारदर्शक पेला, मोजपट्टी, बर्फ.
प्रश्न : पेलाभर बर्फ वितळला तर पाणी किती होईल?

मुलं बहुतेक वेळा "पेलाभरच" म्हणतात. अंदाज कागदावर लिहून घ्या आणि पेला खिडकीत ठेवा. ताज्या, भुसभुशीत बर्फात हवाच जास्त असते. असा 10 सेंटिमीटर बर्फ वितळला की साधारण 1 सेंटिमीटर पाणी होतं. जुना, दबलेला बर्फ घेतला तर पाणी बरंच जास्त निघतं. दोन पेले शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो.

पेल्याच्या तळाशी काळा गाळ बसतो. तो कुठून आला? इथून दुसरा धडा सुरू होतो. रस्त्यावर घसरू नये म्हणून वाळू आणि मीठ टाकतात. मिठामुळे पाणी शून्य अंशाला न गोठता त्याहून कमी तापमानाला गोठतं.

एक सूचना : मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ वरून घट्ट दिसला तरी आतून पोकळ झालेला असतो. त्यावर मुलांना अजिबात उभं राहू देऊ नका.

मंगळवार : वाचनालय

टोरांटो सार्वजनिक वाचनालयाच्या 100 शाखा आहेत आणि शहरात राहणाऱ्यांना सभासदत्व मोफत आहे. जवळची कुठलीही शाखा चालेल. पण जमल्यास कॉलेज स्ट्रीटवरची लिलियन एच. स्मिथ शाखा दाखवा. दाराशी पंख असलेला सिंह आणि गरुडमुखी ग्रिफिन असे दोन मोठे पुतळे बसलेले आहेत. लिलियन स्मिथ या बाईंनी 1912 पासून या शहरात मुलांचं वाचनालय उभं केलं. लहान मुलांच्या जुन्या पुस्तकांचा ऑस्बॉर्न संग्रहही इथेच आहे.

प्रश्न : दाराशी कोण बसलंय? त्यांना किती प्राण्यांचे अवयव आहेत?

चित्रांचं एक पुस्तक घरी आणा. इंग्रजी असलं तरी हरकत नाही. चित्रं बघत गोष्ट मराठीत सांगायची, म्हणजे ती मुलाची स्वतःची होते. आई-बाबा दोघंही कामावर असतील तर संध्याकाळी अर्धा तास पुरतो. आपल्या शाखेची वेळ मात्र आधी बघून ठेवा.

बुधवार : काचेच्या घरातली केळ

शहराच्या मध्यभागी अॅलन गार्डन्स नावाची बाग आहे. तिथे मोठी काचघरं आहेत, प्रवेश मोफत. मधलं घुमटाचं पाम हाउस 1910 सालचं आहे. बाहेर कडाक्याची थंडी, आणि दार उघडून आत गेलं की कोकणातल्यासारखी दमट ऊब.

प्रश्न : आत गेल्यावर चष्म्याचं काय होतं? आणि असं का?

चष्मा क्षणात धूसर होतो. हवेतली वाफ थंड काचेवर पाणी होऊन बसते. पुस्तकात संघननाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा अनुभव चांगला. मग ओळखीची झाडं शोधायला सांगा. जास्वंद सापडते, निवडुंग सापडतं, केळ सापडते.

गेल्या वर्षी आम्ही इथे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा फोनवर आजीला म्हणाला, "आजी, आम्ही केळीचं झाड बघितलं. काचेच्या घरात! तुझ्याकडे आहे ना तसं." माझी आई उठली, फोन हातात घेऊन तशीच परसात गेली आणि अंधुक उजेडात आपली केळ दाखवायला लागली. "हे बघ कोका, हे बघ घड लागलाय." त्याने विचारलं, "कोका म्हणजे?" तिने सांगितलं, मग त्याची भाजी कशी करतात तेही सांगितलं. मी शेजारी बसून गप्प ऐकत होते. वीस मिनिटं झाली तरी फोन कुणी ठेवेना.

गुरुवार, 19 मार्च : गुढीपाडवा

यंदा पाडवा सुट्टीतच आलाय, त्यामुळे मुलं घरी असतील. बाल्कनीत वारा फार, म्हणून गुढी घरातच खिडकीशी उभारा. वेळूची काठी नसेल तर पडद्याचा रॉड, तांब्या नसेल तर स्टीलचा पेला. कडुलिंबाची पानं इथे भारतीय किराणा दुकानात मिळतीलच असं नाही. मुलांकडून हिरव्या कागदाची पानं कापून घ्या आणि कडू चवीसाठी मेथीचे चार दाणे द्या. साखरेची गाठी मात्र असू द्या, कारण तिचा संबंध उद्याच्या धड्याशी आहे.

प्रश्न : आज इथे दिवस किती तासांचा आहे? साताऱ्यात किती तासांचा?

फोनवर आजोबांना सूर्योदय आणि सूर्यास्ताची वेळ विचारायची, इथली आपण लिहायची आणि वजाबाकी करायची. 20 मार्चच्या सुमारास दोन्हीकडे दिवस जवळजवळ 12 तासांचा असतो. डिसेंबरच्या शेवटी मात्र टोरांटोत दिवस सुमारे 9 तासांचा आणि साताऱ्यात सुमारे 11 तासांचा असतो. आज आपला आणि आजोबांचा दिवस सारखाच मोठा आहे, हे मुलांना फार आवडतं.

शुक्रवार : मेपलचं गुऱ्हाळ

मार्चमध्ये रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर तापमान असलं की शुगर मेपलच्या खोडातून गोडसर रस पाझरतो. तो उकळून मेपल सिरप करतात. युरोपातले लोक इथे येण्याच्या आधीपासून इथले मूळ रहिवासी ही विद्या जाणत होते. साधारण 40 लिटर रसातून 1 लिटर सिरप मिळतं. वॉनमधल्या कोर्टराइट सेंटरसारख्या ठिकाणी या दिवसांत हे काम प्रत्यक्ष दाखवतात. त्याला तिकीट आहे आणि गाडी असलेली बरी, त्यामुळे तारखा पाहूनच जा.

जायला जमलं नाही तरी धडा घरी होतो. एक कप पाण्यात एक लहान चमचा साखर विरघळवा. साधारण 2 टक्के साखर झाली. मेपलचा रस जवळपास इतकाच गोड असतो. मुलांना चाखायला द्या. "हे तर पाणीच आहे!" असं म्हणतील.

प्रश्न : याचं सिरप करायचं तर काय काढून टाकावं लागेल?

उत्तर पाणी. आपल्याकडे गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात, आधी काकवी होते, मग गूळ. इथे मेपल, तिथे ऊस, युक्ती एकच. काल खाल्लेली गाठीही साखरेचा पाक आटवूनच झाली. दुसऱ्या दिवशी आजोबांना विचारायला सांगा, "तुम्ही गुऱ्हाळात गेला होता का?" मग ऐकत बसा! (चुलीजवळचं काम मोठ्यांनीच करायचं.)

शनिवारसाठी जादा कृती : स्टेशनांची नावं देवनागरीत

टोरांटोच्या टीटीसी बस आणि मेट्रोत 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. कॅनडातली पहिली मेट्रो 1954 साली इथेच, युनियन ते एग्लिंटन अशी सुरू झाली. त्याच मार्गावर बसा आणि वहीत स्टेशनांची नावं मराठीत लिहायला सांगा : किंग, क्वीन, कॉलेज, वेलस्ली, रोझडेल. ब्लूर-यंग आलं की गंमत होते. पाटीवरची अक्षरं वाचून मूल "योंगे" लिहितं, आणि घोषणा ऐकू येते "यंग". तेव्हा सांगायचं, आपण ऐकू येतं तसं लिहितो. देवनागरीचं एवढं सोपं स्पष्टीकरण मला वर्गात कधी जमलं नव्हतं.

भाषेबद्दल थोडंसं

परदेशातली मुलं सर्रास "मी गोष्ट वाचलो", "मी झाड बघितलो" म्हणतात. मराठीत असं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, हे नियम सांगून कळत नाही. रोजच्या अनुभवातून तीन वाक्यं पक्की करून घ्या :

- मी बर्फ वितळवला.
- मी गोष्ट वाचली.
- मी झाड बघितलं.

मूल आजीशी बोलत असताना मध्येच चूक दुरुस्त करू नका. बोलणं तुटतं आणि मूल आपल्याकडे बघायला लागतं. फोन झाल्यावर सहज म्हणा, "अच्छा, तू गोष्ट वाचलीस होय!" एवढं पुरे. इंग्रजी शब्द आला तरी चालेल. आजी विचारेल "म्हणजे काय?" आणि मुलाला समजावून सांगावं लागेल. खरा सराव तिथे होतो.

सगळंच जमतं असं नाही

गेल्या वर्षी आमचा गुरुवार पूर्ण वाया गेला. मी एका दिवसात दोन ठिकाणं ठरवली, मुलगा दमला, बसमध्ये रडारड झाली. दुसऱ्या दिवशी त्याने फोनवर यायलाच नकार दिला. मीही आग्रह केला नाही. "रोज एकच" हा नियम तेव्हापासूनचा आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईची सुट्टीतही रोज ड्यूटी होती. तिने फक्त बर्फाचा पेला आणि साखरेचं पाणी एवढंच केलं, तेही रात्री जेवणानंतर. पुढच्या रविवारी ती मुलगी वर्गात सगळ्यात जास्त बोलली.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत हाच आराखडा वापरून बघावा. बर्फाऐवजी माठातलं पाणी, काचघराऐवजी गावची रोपवाटिका, मेट्रोऐवजी एस.टी. स्टँडवरच्या पाट्या. गृहपाठाच्या वहीची गरज नाही. सुट्टीनंतर वर्गात फक्त विचारा, "कुणाला काय सांगितलंस?"

यंदा आजीने आधीच फोन करून विचारलंय, "बर्फ पडलाय का रे? मोजला का?" आमच्याकडे पेला खिडकीत तयार आहे.

सर्वांना गुढीपाडव्याच्या आगाऊ शुभेच्छा!