ग्राहकाचं एक्सेल, हुकूम तुमच्या एक्सईचा: लेट बाइंडिंग समजून घेऊ

या आठवड्याच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय: "सर, माझ्या मशीनवर प्रोग्रॅम मस्त चालतो, ग्राहकाकडे नेला की एरर येते. का?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. कोडच्या ओळी स्क्रीनवर दिसतातच. इथं त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात.

आधी धंद्याची बाजू बघू. समजा, मार्केट यार्डातला एक मसाल्याचा व्यापारी आहे. महिन्याची चारशे बिलं एका शीटमध्ये आहेत. त्याला प्रत्येक ग्राहकाचं वेगळं खातेपत्रक पीडीएफमध्ये हवंय, आणि महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचं असतं म्हणून त्याआधी एचएसएन कोडप्रमाणे बेरजा हव्यात. हे काम त्याचा मुनीम दोन दिवस बसून करतो. तुम्ही एक छोटी एक्सई दिलीत, बटण दाबलं की एक्सेल मागच्या मागे उघडतं, पत्रकं तयार होतात, बंद होतं. या कामाचे पैसे मिळतात, आणि दरवर्षी देखभालीचेही मिळतात.

"मग मॅक्रोच लिहून देऊ की!" देता येतो. पण इंटरनेटवरून किंवा मेलमधून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली. ग्राहकाला फोनवर "फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, अनब्लॉक करा" सांगत बसावं लागतं. शिवाय मॅक्रोचा पासवर्ड म्हणजे कडी न लावलेलं दार. तुमची मेहनत शेजारच्या दुकानात कॉपी होऊन जाते. कंपाइल केलेल्या एक्सईला सही नसेल तर विंडोज पहिल्यांदा इशारा देतं हे खरं, पण ती अडचण एकदाच येते.

नाव सांगा, काम सांगा

एक्सेल, वर्ड, आउटलुक यांना बाहेरून हुकूम देता येतात ते कॉम नावाच्या व्यवस्थेमुळे. कॉम म्हणजे कंपोनंट ऑब्जेक्ट मॉडेल. १९९३ पासून ही व्यवस्था विंडोजमध्ये आहे आणि आजही डेस्कटॉप ऑफिस तिच्यावरच उभं आहे. ऑफिस बसवलं की विंडोजच्या रजिस्ट्रीत "एक्सेल डॉट ॲप्लिकेशन" असं नाव नोंदलं जातं. या नावाला प्रोगआयडी म्हणतात. त्या नावापुढे एक लांबलचक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाखाली एक्सेलची एक्सई कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता. तुम्ही नाव सांगता, विंडोज पत्ता शोधतं, एक्सेल सुरू करतं आणि त्याची दोरी तुमच्या हातात देतं.

आता दोरी धरायच्या दोन रीती. अर्ली बाइंडिंगमध्ये तुम्ही प्रोजेक्टला एक्सेलच्या लायब्ररीचा रेफरन्स जोडता. कंपायलरला सगळ्या मेथड, सगळे प्रकार आधीच माहीत असतात. टाइप करताना यादी समोर येते, स्पेलिंग चुकलं तर तिथंच लाल रेघ. म्हणजे हातात छापील पत्ता घेऊन निघाल्यासारखं. लेट बाइंडिंगमध्ये तुम्ही गावात जाऊन चौकात विचारता: "सेव्हॲज नावाचं कोणी राहतं का इथं?" एक्सेल म्हणतं, राहतं, अमुक नंबर. मग तुम्ही त्या नंबरावर काम सांगता. हे विचारणं आणि सांगणं आयडिस्पॅच नावाच्या इंटरफेसमधून होतं: पहिली मेथड गेटआयडीज-ऑफ-नेम्स, दुसरी इन्व्होक. लेट बाइंडिंगच्या पोटात एवढंच आहे.

चौकात विचारण्याचा फायदा काय? गाव बदललं, घरं हलली, तरी तुम्ही पोचता. तुम्ही ऑफिस २०१६ वर, म्हणजे आवृत्ती १६ चा रेफरन्स जोडून व्हीबी सिक्समध्ये किंवा दुसऱ्या एक्सेल फाइलमध्ये कोड लिहिला, आणि ग्राहकाकडे ऑफिस २०१० आहे, म्हणजे आवृत्ती १४, की गाडी अडकू शकते. २००७ ची १२, २०१० ची १४, २०१३ ची १५, आणि २०१६ पासून २०१९, २०२१, ३६५ सगळ्यांची १६. (१३ नंबर गाळलाय, हे लक्षात आलं असेल. पाश्चात्त्यांचे ग्रहही वक्री असतात!) डॉटनेटमध्ये चार आवृत्तीपासून इंटरॉप टाइप्स एक्सईमध्येच भरून देता येतात, त्यामुळे हा त्रास बराच कमी झालाय. पण दहा दुकानांत दहा तऱ्हेची ऑफिसं असतील तर लेट बाइंडिंगच बरं, असं माझं मत आहे.

प्रत्यक्ष कोड

सी शार्पमध्ये पहिली ओळ: टाइप डॉट गेटटाइपफ्रॉमप्रोगआयडी, कंसात "एक्सेल डॉट ॲप्लिकेशन". हे नल आलं तर या मशीनवर एक्सेल नाहीच. तिथंच थांबून मराठीत स्वच्छ संदेश दाखवा: "या संगणकावर मायक्रोसॉफ्ट एक्सेल सापडलं नाही." कच्ची एरर ग्राहकाच्या तोंडावर फेकू नका. दुसरी ओळ: ॲक्टिव्हेटर डॉट क्रिएटइन्स्टन्स, आणि उत्तर ठेवायचं डायनॅमिक प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये. डायनॅमिक हा शब्द २०१० मध्ये सी शार्प चारबरोबर आला. त्याआधी प्रत्येक मेथडसाठी इन्व्होकमेंबर लिहावं लागायचं, डोळ्यांत पाणी यायचं. व्हीबी डॉटनेटमध्ये क्रिएटऑब्जेक्ट वापरा आणि त्या फाइलपुरतं ऑप्शन स्ट्रिक्ट ऑफ ठेवा. डेल्फीवाल्यांसाठी क्रिएटओएलईऑब्जेक्ट आणि व्हेरियंट.

लेट बाइंडिंगची किंमत इथं मोजावी लागते. एक्सेलचे नावाचे स्थिरांक कंपायलरला ओळखू येत नाहीत, म्हणून आकडे द्यावे लागतात. एक्सएलअप म्हणजे उणे ४१६२. एक्सएलएसएक्स स्वरूपात सेव्ह करायला ५१, जुन्या एक्सएलएससाठी ५६. पीडीएफ काढताना एक्सपोर्टॲजफिक्स्डफॉरमॅटला ०. वर्डमधून पीडीएफ म्हणून सेव्ह करताना मात्र १७. हे आकडे कोडभर पेरू नका, एका फाइलमध्ये नावं देऊन ठेवा. आणि स्पेलिंग चुकलं तर कंपायलर गप्प बसतो. ग्राहकाच्या मशीनवर, भर दुपारी, "ऑब्जेक्टला ही मेथड माहीत नाही" अशी ४३८ नंबरची एरर येते. उपाय साधा आहे. घरी लिहिताना रेफरन्स जोडा, यादी बघत बघत लिहा, तपासा. देण्याआधी रेफरन्स काढा, प्रकार डायनॅमिक करा, पुन्हा सगळं एकदा चालवा. दोनदा काम वाटतं, पण गाडी काढून ग्राहकाकडे जाण्यापेक्षा स्वस्त पडतं.

हळू चालतंय, त्याचं कारण

तुमची एक्सई आणि एक्सेल ही दोन वेगळी प्रोसेस आहेत. एका सेलमध्ये एक आकडा लिहायचा म्हणजे भिंतीपलीकडे एक निरोप. पाच हजार ओळी, दहा कॉलम, म्हणजे पन्नास हजार निरोप, आणि लेट बाइंडिंगमध्ये त्यावर नाव विचारण्याचा खर्च वेगळा. प्रत्येक मिरचीसाठी बाजारात वेगळी फेरी कोण मारतं? पिशवी भरून एकदाच आणा. सगळा डेटा दोन मितींच्या ॲरेमध्ये भरा आणि रेंजच्या व्हॅल्यू-टूला एकाच ओळीत द्या. वाचतानाही पूर्ण रेंज एकदम घ्या; फक्त परत आलेल्या ॲरेची मोजणी शून्यापासून नाही, एकपासून सुरू होते.

मसाल्याच्या व्यापाऱ्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं होतं. डाळींचा एचएसएन ०७१३, मिरी-मिरचीचा ०९०४, हळद-आल्याचा ०९१०. हे तुम्ही तसेच पाठवलेत की एक्सेल त्यांना आकडा समजून पुढचं शून्य खातं आणि ९०४ उरतं. बँक खातेक्रमांकाचंही तेच, आणि पंधरापेक्षा जास्त अंक असतील तर शेवटचे अंक शून्य होऊन बसतात. ग्राहकाला हे लगेच दिसत नाही; पैसे चुकीच्या खात्यावर गेले किंवा रिटर्न अडकलं की दिसतं. म्हणून डेटा टाकण्याआधी त्या कॉलमचा नंबरफॉरमॅट "ॲट" चिन्ह, म्हणजे मजकूर, असा करा. आधी स्वरूप, मग मजकूर. उलट क्रमाने केलंत तर गेलेलं शून्य परत येत नाही.

तारखांचंही असंच. "०४/०५/२०२५" असा मजकूर पाठवलात तर ती ४ मे की ५ एप्रिल, हे त्या मशीनच्या सेटिंगवर आणि कोडच्या वाटेवर ठरतं. मजकूर पाठवूच नका. एक्सेलसाठी तारीख हा एक क्रमांक असतो, १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७४८. डॉटनेटमध्ये टूओएडेट हा आकडा काढून देतं. तो पाठवा आणि दिवस-महिना-वर्ष असा फॉरमॅट लावा.

मराठी मजकुराचं काय? कॉममधून युनिकोड मराठी सुखरूप जाते. मात्र व्हीबी सिक्सच्या एडिटरमध्ये देवनागरी टाइप केली तर प्रश्नचिन्हं होतात. त्यावर सोपी युक्ती म्हणजे मराठी शीर्षकं, दुकानाचं नाव, "येणे बाकी" वगैरे सगळं एका नमुना फाइलमध्ये लिहून ठेवा. कोडने फक्त आकडे भरावेत. ग्राहकाला मथळा बदलायचा असेल तर तोही तुम्हाला न बोलावता बदलतो.

न दिसणारं एक्सेल

सर्वांत जास्त तक्रारी इथल्या. व्हिजिबल फॉल्स ठेवून एक्सेल सुरू केलं, मध्ये एरर आली, प्रोग्रॅम संपला, पण एक्सेल मागे जिवंतच राहिलं. पडद्यावर दिसत नाही, टास्क मॅनेजरमध्ये बसलेलं असतं आणि फाइल धरून ठेवतं. व्यापारी फाइल उघडतो तर "दुसरं कोणीतरी वापरतंय" असा संदेश. दुकानात तो एकटाच! त्याचा तुमच्यावरचा विश्वास तिथंच निम्मा होतो.

यावर एक सवय लावा. एक्सेलचं सगळं काम एका वेगळ्या मेथडमध्ये. तिथं ट्राय आणि फायनली. फायनलीमध्ये वर्कबुक क्लोज, मग ॲप्लिकेशन क्विट. ती मेथड संपून बाहेर आल्यावर जीसी डॉट कलेक्ट आणि वेटफॉरपेंडिंगफायनलायझर्स. तुमच्या व्हेरिएबलांनी दोरी सोडली नाही तर क्विट म्हणूनही एक्सेल जात नाही.

इंटरनेटवर कोणी सांगेल, "सरळ सगळी एक्सेल किल कर." कृपा करून नको. व्यापाऱ्याने शेजारी रोजमेळ उघडून ठेवलेला असतो, सेव्ह न केलेला. गेटऑब्जेक्टने आधीच चालू असलेलं एक्सेल पकडून त्याला क्विट म्हणणं हाही तोच प्रकार. नवीन स्वतःचं एक्सेल उघडा, स्वतःचंच बंद करा. आउटलुक मात्र एका वेळी एकच चालतं, तुम्ही "नवीन" मागितलं तरी चालू असलेलंच हातात येतं. म्हणून आउटलुकला क्विट नाहीच. आणि सुरुवातीचे काही दिवस मेल सेंड न करता डिस्प्ले करा, माणसाने बघून पाठवू दे. नवीन आउटलुकमध्ये ही कॉमची सोय नाही, जुनं आउटलुक आहे का हे काम घेण्याआधीच विचारा.

डिस्प्लेअलर्ट्स फॉल्स केलं की "फाइल आधीच आहे, बदलू का?" हा प्रश्नही गप्प होतो आणि मागच्या महिन्याची फाइल मुकाट्याने पुसली जाते. फाइलच्या नावात तारीख-वेळ घालाच. आणि ग्राहक त्याच वेळी एखाद्या सेलमध्ये टाइप करत असेल तर एक्सेल तुमचा हुकूम नाकारतं. थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करणारा कोड हवा.

कुठे वापरू नये

रात्री आपोआप, कोणी लॉगिन नसताना, सर्व्हरवर चालवायचं काम असेल तर हा मार्ग सोडा. ऑफिस असं चालवायला मायक्रोसॉफ्टच नको म्हणते. मध्येच एखादी खिडकी उघडली तर ओके दाबायला तिथं कोणी नसतं. नुसती एक्सएलएसएक्स फाइल लिहायची असेल तर एक्सेलचीही गरज नाही. ती फाइल म्हणजे झिप केलेल्या एक्सएमएल फाइलींचं गाठोडं, ते थेट लिहिणाऱ्या लायब्ररी आहेत. मॅकवर कॉम नाही, ब्राउझरमधल्या एक्सेलला नाही, मोबाइलवर नाही. लिब्रेऑफिसला बाहेरून हुकूम देता येतात, पण त्याचा प्रोगआयडी वेगळा, भाषा वेगळी. टॅलीशी बोलायचं तर तिथं एक्सएमएलचा रस्ता आहे. आणि व्हीबीस्क्रिप्टमध्ये हे सगळं दहा ओळींत होतं म्हणून मोहात पडू नका, मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच ती निवृत्तीच्या रांगेत उभी केली आहे.

काम घेताना ग्राहकाला तीन गोष्टी विचारा आणि कोटेशनमध्ये लिहून घ्या: ऑफिस कुठलं, किती मशीनवर, आणि ते परवान्याचं, सक्रिय केलेलं आहे का. सक्रिय नसलेल्या ऑफिसमध्ये मुदत संपली की लिहिण्याची सोय बंद होते, तुमचा कोड बरोबर असूनही चालत नाही, आणि फोन मात्र तुम्हालाच येतो. पुढच्या व्हिडिओत आपण वर्डच्या नमुन्यातून थकबाकीची पत्रं काढणार आहोत. तोपर्यंत घरी एक प्रयोग करा: एका कॉलममध्ये ०७१३ एकदा फॉरमॅट न लावता आणि एकदा लावून कोडमधून पाठवा, आणि काय दिसतं ते व्हिडिओखाली कळवा.