सामाईक दिनदर्शिकेची निवड

आपल्या बडोद्यात एकाच आळीत नववर्षाचे तीन दिवस येतात. मराठी घरावर चैत्रात गुढी उभी राहते, गुजराती शेजाऱ्याचे वर्ष दिवाळी सरताच कार्तिकात उजाडते आणि आमच्या घरी मोहरमच्या चंद्राबरोबर हिजरी सन बदलतो. शिवाय शाळा जूनची आणि हिशेब एप्रिलचे. अशा गावी ट्रस्टचे सभागृह नेत्रशिबिर, शिष्यवृत्तीच्या मुलाखती व लग्नकार्ये यांना पुरवावयाचे, तर कचेरीतील एका नोंदवहीवर भागत नाही. वही एका टेबलावर. विचारणारे मात्र मांजलपूरपासून परदेशापर्यंत. तेव्हा इंटरनेटवरील सामाईक दिनदर्शिका कोणती घ्यावी, याचा थोडा अभ्यास येथे मांडीत आहोत.

शिक्षकांना ही वस्तू नवी नाही. शिक्षकखोलीच्या भिंतीवरील वेळापत्रक सर्वांना दिसते, पण त्यात खाडाखोड एकदोघांनीच करावयाची असते. संगणकावरील दिनदर्शिका हेच करते. फरक इतकाच की ती भिंत प्रत्येकाच्या खिशात असते.

पहिली कसोटी सणांची. या प्रणालींत ‘दरवर्षी पुन्हा’ अशी सोय असते, ती सामान्यतः इंग्रजी तारखेने चालते. उत्तरायणाला ती चालेल. पण गणेशचतुर्थी २०२५ साली २७ ऑगस्टला होती आणि २०२६ ची, अधिक ज्येष्ठामुळे, १४ सप्टेंबरला. हिजरी वर्षात अधिक मास नाही. म्हणून ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि नक्की दिवस चंद्रदर्शनावर ठरतो. सबब हे सण दरसाल पंचांग पाहून हातानेच भरावेत, व ईदपुढे ‘संभाव्य’ असे लिहावे.

काही तारखा तर कोणत्याच गणिताने निघत नाहीत. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकत्र आल्या. मुंबईत मुस्लिम मंडळींनी विसर्जनाला वाट देऊन आपला जुलूस २९ तारखेस नेला, आणि महाराष्ट्र सरकारने २९ लाही सुट्टी दिली. हे माणसांनी एकत्र बसून ठरविले. प्रणालीचे काम त्यानंतरचे: ठरलेला बदल सर्वांना त्वरित कळविणे. येथे एक बारकावा आहे. एकाच प्रणालीतील सभासदांस बदल लगेच दिसतो. दुवा घेऊन दुसऱ्या प्रणालीत ती पाहणाऱ्यास मात्र कित्येक तास जुनीच तारीख दिसू शकते. ऐनवेळच्या बदलास दूरध्वनी हवाच.

दुसरी कसोटी आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. मदतीसाठी येणाऱ्या विधवा भगिनीचे वा फी न भरू शकणाऱ्या मुलाचे नाव सर्वांच्या दिनदर्शिकेत झळकता कामा नये. गूगल कॅलेंडरमध्ये ‘वेळ मोकळी की व्यग्र’ एवढेच दाखविण्याची सोय आहे. मुलाखतींची दिनदर्शिका वेगळी करून सभासदांस तेवढेच दाखवावे. नावे चिटणीसांच्या वहीतच राहू द्यावीत.

आता निवड. २००६ साली निघालेले गूगल कॅलेंडर बहुतेकांच्या फोनमध्ये आधीच असते, हा त्याचा मोठा गुण. नेक्स्टक्लाउड आपल्याच संगणकावर ठेवता येते व माहिती परक्याकडे जात नाही. परंतु ते सांभाळणारा जाणकार कायमचा हवा, आणि उत्साही तरुण नोकरीनिमित्त पुण्यास गेला की यंत्र धूळ खाते! आमचे मत तूर्त पहिल्याकडे झुकते. दोन्ही प्रणाली १९९८ साली ठरलेल्या ‘आयकॅलेंडर’ या खुल्या पद्धतीत नोंदी बाहेर काढून देतात, त्यामुळे पुढे घर बदलले तरी सामान नेता येईल.

मात्र खाते कोणा एका कार्यवाहाच्या नावे नसावे, ट्रस्टच्या नावे असावे. बदल करण्याचा अधिकार तिघांस पुरे. आणि ज्या आजीआजोबांजवळ फोन नाही त्यांच्यासाठी दर महिन्याचे पान छापून सभागृहाच्या दारावर, ठळक अक्षरांत, लावावे.